तोंदोच्या टोकावरची फांदी

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळचे साडेनऊ. मिसाओ आपल्या बागेच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी होती. फांदी जागेवर नव्हती.

वाऱ्यानं मोडली असती तर खाली पडलेली दिसली असती. रानडुकरानं ओढली असती तर साल सोलवटून ठेवली असती. ही तर बुंध्यालगत कापलेली होती, अगदी सफाईनं, आणि कापलेल्या जागेवर करडा लेप लावलेला होता, वरच्या कडेला थोडा जास्त, पाणी आत मुरू नये म्हणून. चोर काही झाडाला लेप लावत बसत नाही. झाडाच्या बुडाशी पुसून घेतलेल्या दगडावर तांदूळ कुटून केलेली एक गोल वडी, मोची, ठेवलेली होती. आणि शेजारच्या डहाळीवर नऊ जुने स्टॉकिंग, घडी घालून, ओळीनं टांगलेले.

हे स्टॉकिंग मिसाओनंच त्या फांदीवरच्या नऊ संत्र्यांना घातले होते, पाखरांनी चोची मारू नयेत म्हणून. होते सुनेचे, शिहोचे. शिहो दोन महिने घरभर शोधत होती आणि मिसाओ तोंडातून चकार शब्द काढत नव्हती.

"तोकुजी!" मिसाओ झाडाकडे बघून ओरडली. "मेल्या तोकुजी!"

उशिओ बेटावर इतका स्वच्छ काप घेणारा, वर लेप लावणारा आणि झाडाचे आभार मानून जाणारा माणूस एकच होता. वय एकोणऐंशी, छाटणीत त्याचा हात धरणारा आसपासच्या कुठल्या बेटावर नाही, आणि यंदा तोंदोची, नव्या वर्षाच्या होळीची, पाळी त्याच्या घराकडे होती.

तोंदो! मिसाओनं गर्रकन वळून खाली पाहिलं. बागेच्या दगडी पायऱ्या एकाखाली एक उतरत गावापर्यंत गेलेल्या, गावापलीकडे समुद्र, आणि वाळूवर हिरव्या बांबूंचा तिमजली मनोरा उभा. नव्या वर्षाची पाइनची तोरणं, गवताचे दोर, मुलांचे कित्त्याचे कागद, सगळं त्याच्या अंगाभोवती बांधलेलं. खाली माणसांची गर्दी, ढोल. आणि पार टोकावर, उन्हात, नारिंगी ठिपके.

तिनं मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती.

तोकुजीला दोष तरी कसा द्यायचा? तोडणी संपली की बागेत एखादं फळ झाडावर ठेवायचं, झाडाचं राखणदार म्हणून. ज्याच्या घरी तोंदोची पाळी, त्यानं त्यातलं मनाला येईल ते, कुणालाही न विचारता, फांदीसकट आणून मनोऱ्याच्या टोकाला बांधायचं. ज्याच्या बागेतलं घेतलं, त्या घराचा तो मान. एरवी बिचारं एखादंच सुरकुतलेलं फळ मिळतं. आणि मिसाओच्या बागेत त्याला दिसली नऊ, ताठ, चकचकीत, वर मऊ कापडात गुंडाळून जपलेली. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले असतील. मिसाओनं देवासाठी केवढं राखलंय, असं म्हणत त्यानं करवत काढली असेल.

आणि त्या करवतीनं मिसाओचे चार हिवाळे कापून नेले होते.

चार वर्षांपूर्वी याच झाडावर, पानांआड, तोडणीत हुकलेली तीन संत्री तिला जानेवारीच्या अखेरीस सापडली होती. एवढ्या उशिरापर्यंत झाडावर राहिलेलं संत्रं म्हणजे साल सुटलेली, आत पोकळ, चव पाणचट. ही तीन मात्र घट्ट होती. मिसाओनं एक सोलून उभ्याउभ्या तोंडात टाकलं आणि तिला खाली बसावं लागलं. असं होतं कधीकधी. हजारो झाडांत एखाद्या झाडाची एखादीच फांदी काहीतरी वेगळंच ठरवते. बाकीचं झाड जसं होतं तसंच, ती फांदी तेवढी निराळी. पानांच्या बेचक्यातले तिचे डोळे काढून दुसऱ्या झाडांवर भरले की नवा वाण तयार होतो. फांदी गेली की सगळं गेलं. तोकुजीनं तर बुंध्याशी बोटभर खुंटही ठेवला नव्हता. त्याला खुंट ठेवणं म्हणजे केस अर्धवट कापून गिऱ्हाईक उठवण्यासारखं वाटायचं.

पुढचे तीन हिवाळे मिसाओनं फक्त पाहिलं. डोळा कुठंच भरला नाही, कुणाला दाखवली नाही, मुलाला नाही, सुनेला नाही. फांदी शब्दाला जागते की नाही, हे आधी कळायला हवं होतं. यंदा चौथं वर्ष. या मार्चमध्ये ती पहिल्यांदा कात्री लावणार होती.

एवढं लपवायचं कारण होतं तिचा नवरा. मोकिचीला जाऊन सहा वर्षं झाली, पण बेटावर अजून त्याचं एकच नाव होतं: सोन्याची फांदी. सत्तावीस वर्षांपूर्वी त्याच्या एका झाडाची फांदी सप्टेंबरातच पिकली. दोन महिने आधी! या माणसाला कुठं काही पोटात ठेवता येत होतं? टोपली भरून देवळाच्या जत्रेत घेऊन गेला, घराघराला फळ वाटलं, साकेचे तीन पेले पोटात गेल्यावर बाकावर चढून ओरडला, "माझ्या झाडाला सोन्याची फांदी फुटलीय!" पुढच्या वर्षी त्या फांदीला इतर फांद्यांसारखीच फळं लागली, त्याच वेळेला पिकली. मग काय विचारता. मोकिचीनं पलीकडच्या मोठ्या बंदरातून फळं विकत आणून वाटली, असं ठरलं. सगळ्यात मोठ्यानं हसला तोकुजी. मोकिची पण हसायचा बरोबर, पण घरी आल्यावर झोपेपर्यंत बोलायचा नाही. मिसाओनं ते वीस हिवाळे पाहिलं होतं.

ते सगळं आत्ता आठवत बसायला वेळ नव्हता. तोंदो दहाला पेटायचा.

तिनं तोकुजीला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. तोकुजी फोन घरी देवघराशेजारी ठेवतो, हरवू नये म्हणून. मग शिहोला लावला. शिहो छोटा ट्रक घेऊन पहाटेच किनाऱ्यावर गेली होती, बायकांबरोबर अझुकीच्या लाल दाण्यांचं गोड कढण करायला.

"शिहो! तोंदो पेटवू देऊ नकोस!"

"आई? काही ऐकू येत नाहीये, ढोल चाललेत! बरं झालं तुम्हीच फोन केलात. कढणात मीठ किती घालायचं?"

"मीठ राहू दे! वर बांधलेली फांदी! ती माझी आहे!"

"माहितीय की! तोकुजीआजोबा सकाळपासून प्रत्येकाला धरून सांगतायत. केवढा मान मिळाला आपल्याला! मी फोटो पण काढलेत."

"मान गेला खड्ड्यात! शिहो, ऐक. तुझे जुने स्टॉकिंग मी पळवले."

"तुम्ही? माझे स्टॉकिंग? कशाला?"

"त्या फळांना घालायला! चार वर्षं राखतेय मी ती फांदी. जानेवारीत गोड राहते, साल सोडत नाही. दुसरी नाही तसली. कुठंच नाही. अगं, ती..." हे दोन शब्द आपल्या तोंडून कधी येऊ द्यायचे नाहीत, असं तिनं नवऱ्याच्या चितेपुढं ठरवलं होतं. "ती सोन्याची फांदी आहे!"

शिहो शहरातली होती, पण डोक्यानं तल्लख. तिनं पुन्हा मिठाचं विचारलं नाही. "तुम्हाला यायला किती वेळ?"

"दहा मिनिटं!"

"आई, पुजाऱ्यांना दहा वीसची बोट धरायचीय. आणखी दोन बेटांवर तोंदो आहेत त्यांचे. ते घाई करतायत. मशाली पण पेटवल्या. बघते मी! पळा तुम्ही!"

मिसाओ पळाली. फळांचे क्रेट खाली नेणारी एकरुळी गाडी बाजूलाच उभी होती, पण ती उतारावरसुद्धा गरोदर गायीसारखी चालते. चौसष्ट वर्षांची बाई दगडी पायऱ्यांवरून दोन-दोन करत उतरायला लागली. एका हातानं टोपी धरलेली, दुसऱ्यात फोन, कमरेला कात्री खळखळ वाजतेय. पाचव्या पायरीखाली रस्ता वळसा घालून अर्धा मैल लांबून जातो. सरळ खाली शाळेच्या मागचा गवताचा उतार. लहानपणी सगळी मुलं तिथून घसरायची.

बांधावर खताच्या रिकाम्या गोण्या पडल्या होत्या, जाड प्लास्टिकच्या. मिसाओनं एक उचलली, खाली घातली, वर बसली.

"मोकिची, सांभाळ रे," असं म्हणाली आणि पाय उचलले.

ती घसरत आली ती अशी, की शाळेच्या कुंपणाजवळ बसलेला बोका आठवडाभर तिथं फिरकला नाही. टोपी गेली, एक बूट गेला. पण थांबली तेव्हा ती गावाच्या गल्लीत होती, हाडं शाबूत होती आणि छातीत असं काही उसळत होतं की ती चक्क हसत होती. कितीतरी वर्षांत तिला एवढं जिवंत वाटलं नव्हतं. ती उठली आणि एका बुटावर धावत सुटली.

इकडं शिहोनं जमेल तेवढं केलं होतं. ती कढणाचा डाव घेऊन पुजाऱ्यांच्या पुढ्यात उभी राहिली, आधी कढण चाखायलाच हवं म्हणून हटून बसली, दुसरी वाटी दिली, तिसरी दिली. पुजारी भला माणूस, तिन्ही वाट्या संपवल्या. मग घड्याळ पाहिलं आणि खूण केली. यंदा ज्यांच्या जन्मवर्षाचं बारा वर्षांचं चक्र पुरं होत होतं, अशा चौघांनी चार बाजूंनी मशाली लावल्या. वाळकं गवत भुर्रकन पेटलं.

मिसाओ धक्क्याचा कोपरा वळली, तेव्हा जाळ कमरेएवढा झाला होता.

"थांबा! थांबा!"

ढोल थांबले. शंभर-सव्वाशे माणसं मागं वळली. केस पिंजारलेले, पायात एकच बूट, ढुंगणाला सगळं गवत चिकटलेलं, अशी मिसाओ त्यांच्यासमोर उभी.

"वर... ती फांदी... खाली काढा! जळू देऊ नका!"

"मिसाओसान, अहो असं काय करता," कुणीतरी म्हणालं. "देवाला वाहिलंय ते. पाहिलंत का, किती सुरेख दिसतंय!"

"ती राखणीची नाही! वेगळीच आहे ती. त्या एका फांदीचं फळ वेगळं आहे. चार वर्षं पाहतेय मी. सगळं झाड नेहमीचं, पण ती..." तिला धाप लागली.

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. आणि मागून आवाज आला, "काय म्हणता? घराणंच सोन्याच्या फांद्यांचं!"

हसू पसरलं. वाईट मनानं नव्हे, सवयीनं. मिसाओच्या कानांच्या पाळ्या तापल्या. चार वर्षं ज्याच्या भीतीनं गप्प बसली, ते हेच. पण आता ते आलं आणि तिला कळलं, की वर फांदी जळत असताना त्या हसण्याचं तिला काहीच वाटत नाहीये.

"हसा!" ती ओरडली. "उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत हसा! आत्ता आधी मनोरा पाडा! समुद्राकडं पाडा, टोक पाण्यात जाईल असा!"

आता हसू एकदम थांबलं. कारण ही मात्र थट्टा नव्हती. तोंदोच्या मनोऱ्याला दोन दोर असतात, एक डोंगराकडचा, एक समुद्राकडचा. अर्धाअधिक जळला की दोन्ही बाजू ओढतात. डोंगराकडं पडला तर फळांना बरकत, समुद्राकडं पडला तर मासळीला. बेटावर बागायतदारांची घरं साठ आणि कोळ्यांची अकरा, त्यामुळं मिसाओला आठवतंय तेव्हापासून मनोरा डोंगराकडंच पडत आला होता. आणि बागायतदाराची बायको म्हणते समुद्राकडं पाडा!

"देवा रे!" कोळ्यांचा म्होरक्या इवाकिची आनंदानं किंचाळला. "ऐकलंत का? अखेर यांच्यातल्या एकीला तरी अक्कल आली!"

"वर्षभर फळ धरणार नाही!" डोंगराकडच्या दोरावरून आरडाओरडा झाला. "मिसाओसान, वेडबिड लागलं का? पाणी मारा हवं तर!"

"देवाच्या आगीवर पाणी?" पुजारी दचकून म्हणाले. बोटीचं ते विसरलेच होते. "छे छे, ते नाही चालायचं. पाडायचं म्हणत असाल तर... पाडता येतं. लवकर पाडू नये असं कुठं सांगितलेलं नाही."

जाळ आता माणसाच्या डोक्याएवढा झाला होता. हिरव्या बांबूचं पहिलं पेर बंदुकीसारखं फुटलं. वर टोकावर पानं थरथरली.

मिसाओनं तोकुजीकडं पाहिलं. पाळीच्या घरचा म्हणून तो डोंगराकडच्या दोराच्या अगदी पुढं उभा होता, नव्या निळ्या अंगरख्यात, कपाळाला पट्टी बांधून. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. एवढ्या गर्दीत एकटा तो हसला नव्हता.

"मिसाओ," तो म्हणाला, "जानेवारीत ती फळं इतकी ताठ कशी, हा विचार माझ्या मनात यायला हवा होता."

"हो, यायला हवा होता!"

"साठ वर्षं झाडं कापतोय मी. हातात फांदी होती माझ्या. नऊ फळं सोडवली त्या कापडातून. आणि मला वाटलं, भक्ती."

"तोकुजीसान, रडायचं नंतर! दोर!"

तोकुजीनं दोर सोडला. वाळूत पडू दिला. आणि अख्ख्या बेटाच्या डोळ्यांदेखत, आगीला वळसा घालून, म्हातारा तुरुतुरु चालत समुद्राकडच्या बाजूला गेला आणि इवाकिचीच्या पुढं जाऊन त्यानं कोळ्यांचा दोर धरला. त्याच्या वडिलांनी कधी त्या दोराला बोट लावलं नव्हतं. त्यांच्या वडिलांनीही नाही.

"बघत काय बसलात?" तो डोंगराकडच्यांवर खेकसला. "फळासाठीच ओढतोय! सोडा तो दोर, नाहीतर मार्चमध्ये एकाच्याही बागेत छाटणीला पाऊल टाकणार नाही!"

ही धमकी बरोबर लागली. आधी दोघं आले, मग पाच, मग सगळेच. कुणी शिव्या देत, कुणी हसत, साठ घरं कोळ्यांच्या दोराला लोंबकळली. मिसाओनं तोकुजीच्या मागची जागा पकडली. शिहो डाव टाकून तिच्या मागं आली.

"वाश्शोइ!" सगळ्यांनी एका दमात आरोळी ठोकून ओढलं.

मनोरा हलला. बुडातून ठिणग्यांचा लोट उठला.

"वाश्शोइ! अजून! वाश्शोइ!"

दोर तळहातात सरकला, जळजळला. बांबू एकामागून एक फुटत होते, धूर तोंडावर येत होता, आणि जाळाची एक जीभ तोरणांवरून सरसर वर चढत निघाली. फांदी आणि जाळ यांच्यात आता दोन हात उरले होते. मिसाओ ओरडत होती, काय ते तिचं तिला कळत नव्हतं. आणि मग दोर एकदम सैल पडला, सगळे धडाधड एकमेकांच्या अंगावर कोसळले, आणि मनोरा, कुणी कधी पाहिला नव्हता असा, समुद्राकडं कलला, जरा थबकला आणि आडवा झाला.

भरती होती. टोक पाण्यात आपटलं, फस्स करून वाफ उठली.

कुणी उठायच्या आत मिसाओ पाण्यात होती. जानेवारीचं पाणी, कमरेपर्यंत. दातावर दात आपटत होते पण हात बरोबर चालत होते. काळपट पानं, चिकटलेलं गवत, कागदाचे तुकडे. आणि त्यात तो रुंद कोनातला फाटा, चार वर्षांत तिनं इतक्यांदा पाहिलेला, की डोळे मिटून चितारला असता. तिनं कमरेची कात्री काढून गाठ कापली आणि फांदी दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"शिहो! गोडं पाणी! खारट होता कामा नये!"

शिहोनं कढणासाठी आणलेली पाण्याची पिंपं तशीच उपडी केली, फांदीवर आणि सासूवर. मग मिसाओ वाळूत फतकल मारून बसली. सगळं बेट तिच्याभोवती वाकून उभं. तिनं एकेक पान देठ ठेवून कापलं. एका बाजूची पानं करपली होती, तिथले डोळे तपकिरी झाले होते. नखानं साल खरवडली, खाली वाळकं. पुढची डहाळी. वाळकं. तिसरी डहाळी, नखाखाली हिरवं. ओलं, चकचकीत हिरवं. चौथी, हिरवी.

"एक," मिसाओ म्हणाली. "दोन. तीन, चार."

"पाच!" इवाकिचीला राहवलं नाही.

मग सगळेच मोजायला लागले, मोठ्यानं, लहान मुलांसारखे, आणि चौदावर थांबले. चौदा जिवंत डोळे. मिसाओचे खांदे आत्ता कुठं थरथरायला लागले. शिहोनं तिला आपल्या कोटात गुंडाळलं आणि स्वतःच रडायला लागली.

"स्टॉकिंगचं घरी गेल्यावर बोलू," ती नाक ओढत म्हणाली.

तेवढ्यात कोळ्यांनी पाण्यावर तरंगणारी संत्री जाळीनं गोळा केली. नवातली सहा हाती लागली. सालीला काजळी लागलेली, आत गरम. घरटी एक फोड तरी यावी म्हणून शिहोनं ती मोजून सोलली. साल चिकटून बसलेली होती, पोकळ नाव नाही. फोडी हातोहात गेल्या आणि किनाऱ्यावर एकाएकी अशी शांतता झाली, की धक्क्याला लागलेल्या बोटीचा भोंगा सगळ्यांना स्पष्ट ऐकू आला. पुजाऱ्यांनाही आला. ते फोड चघळत तिथंच उभे राहिले आणि बोट निघून गेली.

"हे," मघाशी घराणं काढणारा इसम चाचरत म्हणाला, "हे जानेवारीतलं आहे?"

मग एकदमच गलका उठला. मिसाओसान, कुठल्या झाडाचं? खुंट कुठला? नाव काय ठेवणार? हात, प्रश्न, पाठीवर थापा. मिसाओला एकाच वेळी हुडहुडी भरली होती आणि घाम फुटला होता. मोकिची असता तर आत्ता बाकावर चढला असता, असं तिला वाटलं.

तोकुजीनं आपली फोड शेवटी खाल्ली. खाऊन तो तिच्यासमोर वाळूत गुडघे टेकून बसला, नवा अंगरखा चिखलात.

"मिसाओ, एक सांगायचंय. सगळ्यांसमोर सांगायला हवं." त्याचा आवाज बसला होता. "मोकिचीनं जत्रेत फळं वाटली, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी तुमच्या बागेत शिरलो. त्या फांदीचा एक डोळा चोरला. माझ्या घरामागच्या झाडावर भरला."

मिसाओनं हातातली फांदी मांडीवर ठेवली.

"लागला. तिसऱ्या वर्षी फळ आलं, सप्टेंबरात, पिवळंधमक. चौथ्या वर्षीही आलं. गोड होतं. बायकोला आणि मला सोडून कुणाला दिलं नाही. पाचव्या वर्षी तीही फांदी परतली, इतर फांद्यांसारखी झाली, तुमच्यासारखीच. तोवर अख्खं बेट मोकिचीला हसत होतं. मी पण. खरं सांगितलं असतं तर चोरी कबूल करावी लागली असती." त्यानं मान वर केली नाही. "त्यानं विकत आणली नव्हती. तसलीच माझ्या अंगणात होती. मला माहीत होतं."

मिसाओला त्याच्या कानशिलात द्यावीशी वाटली. एवढं खरंखरं, एवढं मनापासून, कुणाला मारावंसं तिला आयुष्यात वाटलं नव्हतं. वीस हिवाळे! आणि त्याच वेळी आत कुठंतरी, इतकी वर्षं वाकून बसलेलं काहीतरी ताठ उभं राहिलं. विकत आणली नव्हती. सगळ्या बेटानं ऐकलं होतं. त्या घराणं काढणाऱ्यानंसुद्धा, आणि तो आता आपल्या पायांकडं बघत होता.

"ही परतेल का?" तिनं विचारलं.

"किती वर्षं पाहिलीस?"

"हे चौथं."

तोकुजीनं फांदीवर एकच बोट फिरवलं. "नाही परतायची. मोकिचीची दुसऱ्याच वर्षी डळमळली होती. ही पक्की आहे. तू थांबलीस म्हणून कळलं."

मिसाओनं नाक पुसलं. कात्री उचलली, हिरव्या डहाळीतून दोन डोळ्यांचा एक तुकडा कापला, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळला, आणि म्हाताऱ्याचा हात ओढून त्याच्या मुठीत कोंबला.

"घ्या," ती म्हणाली. "या वेळी चोरायची गरज नाही."